कायदा ‘आणला’ म्हणजे नेमकं काय आणलं?

आमदारांच्या कार्यअहवालाच्या गुळगुळीत पुस्तिकेत एक ओळ हमखास सापडते: ‘जनतेच्या सुरक्षेसाठी आणि कल्याणासाठी विधानसभेत कायदा आणला.’ गोव्यात ही ओळ निदान पाच निरनिराळ्या कामांसाठी वापरली जाते. आमदाराने स्वतःचं खासगी विधेयक मांडलेलं असतं. किंवा खासगी ठराव मांडलेला असतो, जो कायदा नसतोच. किंवा मंत्र्याच्या विधेयकावर तो दहा मिनिटं बोललेला असतो. किंवा मंत्री असताना खात्याने तयार केलेलं विधेयक त्याने सभागृहात वाचलेलं असतं. आणि बऱ्याचदा जिला कायदा म्हटलं जातं ती योजना असते, खात्याच्या अधिसूचनेने सुरू झालेली आणि अधिसूचनेनेच बदलू शकणारी. पाचही कामांना किंमत आहे, पण एका भावाने मोजण्याइतकी ती सारखी नाहीत.

गोवा विधानसभेत आमदार ४०. घटनेच्या कलम १६४(१अ) मुळे आपल्यासारख्या छोट्या राज्यात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त १२ मंत्री होऊ शकतात. बाकीचे सगळे, सत्ताधारी बाकांवर बसत असले तरी, नियमांच्या भाषेत खासगी सदस्य. त्यांच्या कामकाजासाठी शुक्रवार राखलेला असतो. म्हणजे खासगी विधेयक फक्त विरोधकांनीच आणायचं असतं हा समज चुकीचा आहे. सत्ताधारी आमदारालाही ते आणता येतं. तो सहसा आणत नाही, कारण मंत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन काम सांगणं त्याला सोपं असतं, आणि सभागृहात स्वतःच्या सरकारला अडचणीत आणणं महाग पडतं.

विधेयक हाती आलं की ते शेवटून वाचावं. सुरुवातीची कलमं वकिली भाषेत असतात. खरी माहिती मागच्या पानांवर असते. तिथे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, त्याखाली ठिकाण म्हणून पर्वरी (विधानसभा तिथे आहे), तारीख आणि मांडणाऱ्याचं नाव. विधेयक कोणाचं, हे इथे कळतं. नावाखाली खात्याचं मंत्रिपद लिहिलेलं असेल तर ते सरकारी विधेयक. नुसतं आमदार म्हणून नाव असेल तर खासगी. मग वित्तीय ज्ञापन: तिजोरीवर किती बोजा पडेल. मग नियम करण्याचे अधिकार कोणाला दिले, ते सांगणारं ज्ञापन. दुरुस्ती विधेयक असेल तर शेवटी मूळ कायद्यातल्या त्या कलमांचा उतारा जोडलेला असतो. तो नसेल तर दुरुस्ती वाचून काही कळणार नाही, कारण मजकूर असा असतो: ‘मूळ कायद्याच्या अमुक कलमातील तमुक शब्दांऐवजी पुढील शब्द घालावेत.’ मूळ कलम आणि दुरुस्ती शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलीने शब्द खोडत, घालत वाचल्याशिवाय दंड वाढला की कमी झाला हेही सांगता येत नाही. कायद्याचा अधिकृत पाठ कलम ३४८ मुळे इंग्रजीच धरला जातो. मराठी किंवा कोकणी भाषांतर समजून घ्यायला चांगलं, पण वाद झाला तर इंग्रजी शब्दच चालतो.

वित्तीय ज्ञापनातल्या एका वाक्यापाशी थांबावं: ‘या विधेयकामुळे कोणताही अतिरिक्त खर्च होणार नाही.’ सुरक्षेच्या कायद्यात हे वाक्य दिसलं की शंका घ्यावी. पाहणी कोण करणार? नवा निरीक्षक नको, नवी गाडी नको, नवी प्रयोगशाळा नको, मग आहे त्याच अधिकाऱ्याच्या खांद्यावर आणखी एक काम. पंचायत सचिवाकडे आधीच कामांची रास असते. त्यात ‘सचिवाने दर तिमाहीला पाहणी करावी’ असं लिहिलं की ती पाहणी कागदावरच होते.

तरीही खासगी विधेयकात हे वाक्य लिहावंच लागतं. घटनेच्या कलम २०७(३) नुसार ज्या विधेयकामुळे राज्याच्या संचित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च करावा लागेल, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही. राज्यपालांची शिफारस म्हणजे मंत्रिमंडळाचा सल्ला, म्हणजे सरकारची मर्जी. समजा एखाद्या आमदाराने विधेयक लिहिलं की समुद्रात बुडून मेलेल्या रांपणकाराच्या (रांपण जाळ्याने मासेमारी करणाऱ्याच्या) विधवेला सरकारने दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. हेतू चांगला, शब्द नेमके, आणि तरी ते विधेयक इथे अडकतं. त्याच आमदाराने ‘प्रत्येक होडीमालकाने होडीवरच्या प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट ठेवावं, नसेल तर दंड’ असं लिहिलं, तर खर्च होडीमालकाचा आणि विधेयक चर्चेला टिकण्याची शक्यता जास्त. म्हणून खासगी विधेयकांत बंदी, सक्ती आणि दंड जास्त दिसतो, पैसे देण्याची कलमं कमी. आमदाराला गरिबांची पर्वा नाही असा त्यावरून निष्कर्ष काढू नये.

खासगी विधेयकाचा शेवट बहुतेक वेळा ठरलेला असतो. सदस्य बोलतो, दोघे-तिघे पाठिंबा देतात, मंत्री म्हणतात की सरकार या विषयाचा अभ्यास करत आहे, सदस्याने विधेयक मागे घ्यावं. सदस्य मागे घेतो किंवा ते आवाजी मतदानात पडतं. देशभर हीच कथा आहे. संसदेत आजवर १४ खासगी विधेयकांचाच कायदा झाला, आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. म्हणून ‘किती खासगी विधेयकं मंजूर झाली’ या मापाने कोणीही शून्यच ठरेल. मोजायचं ते वेगळं. विधेयक पडल्यावर दोन-चार वर्षांत सरकारने त्याच विषयावर स्वतःचं विधेयक आणलं का? आणलं असेल तर त्यात खासगी विधेयकातली कोणती कलमं आली आणि कोणती गळली? तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबत तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक राज्यसभेने २०१५ मध्ये मंजूर केलं, लोकसभेत ते अडलं, आणि अखेर २०१९ मध्ये सरकारी कायदा आला, त्यांच्या मसुद्यापेक्षा बराच वेगळा. श्रेय कोणाचं हा वाद घालण्यापेक्षा दोन्ही मसुदे शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो.

आता ठराव. शुक्रवारी मंजूर झालेल्या खासगी ठरावाची बातमी दुसऱ्या दिवशी ‘विधानसभेचा निर्णय’ म्हणून छापून येते. ठराव म्हणजे सभागृहाचं मत. एकमताने मंजूर झाला तरी कुठल्याही हॉटेलवाल्याला, ठेकेदाराला किंवा पोलिसाला तो बांधत नाही. त्यावर खात्याने पुढे काय केलं हे विचारत राहणं एवढंच आमदाराच्या हातात उरतं, आणि ते विचारलं की नाही हे तपासता येतं.

गोव्याच्या कायद्यांत अधिसूचना आणि कायदा यांतला फरक सगळ्यात चांगला समजतो तो गुटख्याच्या बंदीवरून. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत काही राज्यांनी अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली अधिसूचना काढून गुटखा बंद केला. अधिसूचना सोपी असते. विधानसभेत जायला नको, चर्चा नको, एका सहीचं काम. पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बंद्या रद्द केल्या. त्या कायद्यातला अधिकार साथीसारख्या तात्पुरत्या स्थितीसाठी आहे, एखादा पदार्थ कायमचा बंद करण्याचं धोरण त्याखाली ठरवता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा. पायाच चुकीचा निवडला होता. गोव्याने मग २००५ मध्ये स्वतःच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात, म्हणजे मूळ १९८५ च्या कायद्यात, दुरुस्ती करून गुटखाबंदी आणली. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे पाय ठेवायला जमीन घट्ट. अधिसूचनेला एक दिवस लागतो आणि दुरुस्तीला एक अधिवेशन, पण न्यायालयात टिकायची वेळ आली की हा वेळ वसूल होतो. आमदाराचं काम तपासताना विचारायचा प्रश्न असा: बंदी कशाखाली मागितली? ‘बंद करा’ असं ओरडणारे पुष्कळ असतात. कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली, हे सांगणारा विरळा.

त्याच सार्वजनिक आरोग्य कायद्याची दुसरी बाजूही गोव्याने पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात त्यात एचआयव्हीबाधितांना सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद आली, आणि १९८९ मध्ये म्हापशाच्या क्षयरोग रुग्णालयात एका तरुणाला तिच्या जोरावर कोंडून ठेवलं गेलं. ती दुरुस्तीही ‘जनतेच्या सुरक्षेसाठी’च होती. नंतर सक्तीच्या जागी सरकारच्या मर्जीचा शब्द आला. इंग्रजी पाठात ‘शॅल’ (करावंच) आणि ‘मे’ (करता येईल) या दोन शब्दांत माणसाचं स्वातंत्र्य मावतं, म्हणून दुरुस्ती वाचताना हे दोन शब्द आधी शोधावेत. सुरक्षेचा कायदा म्हटला की तो चांगलाच, असं धरून चालणाऱ्यांनी म्हापशाचं हे प्रकरण एकदा वाचावं.

कलमं काळजीने लिहिली तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे गोवा बाल कायदा, २००३. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांच्या सरकारच्या काळातला. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणारा केंद्राचा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये आला, म्हणजे गोवा नऊ वर्षं पुढे होता. या कायद्याने पणजीत बाल न्यायालय उभं केलं. पण त्याची खुबी हॉटेलांबाबतच्या कलमांत आहे. लिहिणाऱ्याला किनारपट्टी माहीत होती हे वाचताना जाणवतं. हॉटेलच्या आवारातल्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक आणि व्यवस्थापकावर टाकली आहे. कुटुंब, नातेवाईक किंवा रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीबरोबर त्या खोलीत राहत असल्याची नोंद नसेल, तर मुलाला हॉटेलच्या कुठल्याही खोलीत जाऊ देता येत नाही. याचा अर्थ असा की पोलिसाला गुन्हा सिद्ध करत बसायची गरज नाही. नोंदवही उघडली, खोलीत मूल आहे आणि नोंदीत नाव नाही, एवढ्यावर हॉटेलवाल्याला जाब विचारता येतो. पुरावा कुठे सापडेल याचा विचार करून कर्तव्य लिहिलं आहे, म्हणून ते वापरता येतं. ‘मुलांचं शोषण होऊ नये म्हणून सर्व संबंधितांनी दक्षता घ्यावी’ असं लिहिलं असतं तर कोणालाच काही करावं लागलं नसतं. ‘सर्व संबंधित’ हे शब्द कायद्यात दिसले की समजावं, जबाबदारी कोणावरच नाही.

याच कायद्यात छायाचित्रं धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्यांवर एक कर्तव्य आहे: धुतलेल्या फिल्ममध्ये मुलांचं अश्लील चित्रण दिसलं तर जवळच्या पोलिस ठाण्यात कळवायचं, न कळवल्यास शिक्षा. २००३ मध्ये ते योग्य होतं. आज फिल्म धुणारा स्टुडिओ शोधावा लागतो आणि चित्रण फोनमधून फोनमध्ये जातं. असं जुनं झालेलं कलम काळाप्रमाणे दुरुस्त करून घेणं हे आमदाराचं कंटाळवाणं पण मोलाचं काम. त्याचा फलक लागत नाही, म्हणून फारसं कोणी करत नाही. माझ्या मते दहा नव्या विधेयकांपेक्षा जुन्या कायद्यातली एक नेमकी दुरुस्ती जड असते.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे पर्यटन स्थळं संरक्षण व देखभाल कायदा, २००१, त्यातली २०१९ ची दुरुस्ती. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं याला एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये दंड. आकडे स्पष्ट, वर्तमानपत्रांत मथळे मोठे. पण असा दंड वसूल करायला संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात वाळूवर उभा राहणारा माणूस लागतो, त्याच्याकडे पावती पुस्तक लागतं, आणि परराज्यातला पर्यटक दुसऱ्या दिवशी विमानात बसणार असतो. दुरुस्तीनंतर किनाऱ्यावरच्या काचा गेल्या का, हे कोणीही कळंगुटला पहाटे चालत जाऊन पाहू शकतो. अशा कायद्यानंतर आमदाराने दंडाचा आकडा विचारू नये. किती पावत्या फाडल्या, कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या महिन्यात, त्यासाठी किती कर्मचारी नेमले, हे विचारावं.

विधेयक मंजूर झालं म्हणजे कायदा झाला, ही आणखी एक गफलत. ३० जुलै २०२१ रोजी गोवा भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक (दीर्घकाळ राहणाऱ्यांना राहत्या छोट्या घराची मालकी देऊ पाहणारं) अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मंजूर झालं. लोक भडकले, आधी नाव बदलण्याची भाषा झाली, आणि ते कधीच कायदा झालं नाही. मंजुरीनंतर राज्यपालांची संमती लागते. केंद्राच्या कायद्याशी विसंगती असेल तर कलम २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणाऱ्या गोव्याच्या कायद्याच्या नावात १९९७ आहे, पण कायदा क्रमांक १९९९ चा. मधला काळ या वाटेवर जातो. संमती मिळाली की राजपत्रात प्रसिद्धी. गोव्याच्या राजपत्राच्या तीन मालिका आहेत: पहिलीत कायदे आणि नियम, दुसरीत नेमणुका आणि खात्यांचे आदेश, तिसरीत नोटिसा. अंक साधारण गुरुवारी निघतो, घाई असेल तर असाधारण अंक. कायदा शोधताना पहिली मालिका पाहायची आणि कलम १ मधलं शेवटचं पोटकलम वाचायचं. तिथे ‘सरकार अधिसूचनेने ठरवील त्या दिवसापासून अमलात येईल’ असं लिहिलं असेल, तर ती दुसरी अधिसूचना सापडेपर्यंत कायदा झोपलेला आहे असं समजावं. ती निघाली तरी नियम लागतात: अर्जाचा नमुना, शुल्क, अपिलाची मुदत, पाहणी कोणी करायची. नियम नसलेला कायदा म्हणजे इंजिन नसलेली होडी, धक्क्याला बांधून ठेवायची. आणि कायदा, अधिसूचना, नियम हे सगळं असलं तरी खुर्चीवर माणूस बसवावा लागतो. लोकायुक्ताचा कायदा २०११ चा, पहिले लोकायुक्त नेमले गेले २०१३ मध्ये, आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून त्यांच्या अधिकारांना कात्री लागली. या तिन्ही वर्षी तुमचा आमदार काय बोलला, हे कामकाजाच्या नोंदींत मिळतं.

कल्याणाच्या बाबतीत मात्र कायदा शोधायला गेलात तर हाती थोडंच लागेल. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, गृह आधार, लाडली लक्ष्मी, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, या सगळ्या योजना आहेत. दयानंद योजनेत ६० वर्षं पूर्ण झालेल्या आणि १५ वर्षं गोव्यात राहिलेल्या गरजू ज्येष्ठांना दरमहा २,००० रुपये. दीनदयाळमध्ये तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार. पैसे खरे आहेत, हजारो चुली त्यावर पेटतात, यात शंका नाही. पण योजनेत हक्क नसतो. हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही म्हणून म्हातारीचे पैसे थांबले, तर ‘कायद्याने मला इतक्या दिवसांत उत्तर द्या’ असं तिला म्हणता येत नाही. तिला आमदाराच्या घरी जावं लागतं. आमदार फोन लावतो, पैसे सुरू होतात, आणि ती त्याला दुवा देते. ही व्यवस्था आमदारांना आवडते, हे वेगळं सांगायला नको. ज्याला खरोखर कल्याणाचा कायदा करायचा आहे, त्याने हाच फोन अनावश्यक करावा. त्याला एक वाट आधीच आहे: २०१३ चा कालबद्ध लोकसेवा कायदा. त्याखाली कोणती सेवा किती दिवसांत, हे अधिसूचनेने ठरतं. कल्याण योजनेचे थांबलेले पैसे पुन्हा सुरू करणं ही सेवा त्या यादीत घाला, दिवस ठरवा आणि उशीर झाला तर जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहा, अशी मागणी करायला विधेयकही लागत नाही. राज्यपालांची शिफारस लागत नाही, कारण पैसे आधीच मंजूर आहेत. या वाटेने किती आमदार गेले ते त्यांच्या प्रश्नांच्या यादीत पाहावं.

‘आमच्या आमदाराने या कायद्याच्या बाजूने मत दिलं’ हा दावा तर तपासताच येत नाही. आपल्याकडे विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’ म्हणणारे होय म्हणतात, सभापती निर्णय देतात. कोणी मतविभागणी मागितली तरच नावं नोंदवली जातात. त्यातून पक्षादेश आणि पक्षांतर. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये आठ. एकाच माणसाने एकाच विषयावर जूनमध्ये विरोधी बाकावरून केलेलं भाषण आणि पुढच्या वर्षी सत्ताधारी बाकावरून केलेलं भाषण एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. म्हणून नोंद वाचताना भाषणाची तारीख आणि त्या दिवशीचं बाक, दोन्ही लिहून ठेवावं. खासगी ठरावावर जोरात बोलणारा नंतर मंत्री झाला तर त्याच ठरावातल्या गोष्टी खात्यात करतो का, ही गोव्यातली सगळ्यात सोपी परीक्षा आहे.

मग नोंद शोधायची कुठे? प्रश्नांत. विधानसभेच्या संकेतस्थळावर प्रश्न आणि खात्यांची उत्तरं असतात. आमदार खरोखर अभ्यास करतो की सचिवाने लिहून दिलेलं वाचतो, हे प्रश्नाच्या बांधणीवरून दिसतं. उदाहरण आगीचं घेऊ. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जण गेले. अशा ठिकाणाला पंचायतीचा व्यवसाय परवाना, अबकारी खात्याचा परवाना, अन्न परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला असे कागद लागतात, आणि प्रत्येक कागद वेगळ्या खात्याचा. कच्चा प्रश्न असा असतो: ‘बार्देश तालुक्यातील नाइट क्लबांच्या अग्निसुरक्षेसाठी सरकारने कोणती पावलं उचलली?’ याला ‘आवश्यक ती कारवाई सुरू आहे’ एवढं उत्तर पुरतं. पक्का प्रश्न असा: ‘बार्देशमध्ये पंचायतनिहाय कोणत्या आस्थापनांना अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला आहे, प्रत्येकाचा क्रमांक, तारीख आणि मुदत, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि कोणत्या त्रुटी आढळल्या, किती जणांना बंद करण्याची किंवा पाडण्याची नोटीस दिली, त्यातल्या किती नोटिसांना अपिलात स्थगिती मिळाली आणि ती किती दिवस चालू आहे, पाहणी अहवालांच्या प्रती जोडाव्यात.’ शेवटचे दोन तुकडे सगळ्यात महत्त्वाचे. नोटीस दिली एवढ्यावर खातं समाधानी असतं. ती स्थगितीच्या फाइलीत किती काळ पडून आहे हे विचारलं की मंत्री पाणी मागतात.

काणकोणच्या चावडीवर ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ३१ जण मेले, तेव्हाही परवानग्यांच्या साखळीचा हाच प्रश्न होता. बांधकामाचा परवाना काणकोणसारख्या शहरात पालिका देते आणि गावात पंचायत, पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली. तांत्रिक मान्यता नगरनियोजन खातं. आणि राष्ट्रीय इमारत संहिता ही स्वतःहून कायदा नाही, राज्याच्या बांधकाम नियमांनी जेवढी स्वीकारली तेवढीच बंधनकारक. दुर्घटनेनंतर ‘कडक कायदा करा’ ही मागणी करणाऱ्या आमदाराला विचारावं की या साखळीतली कुठली कडी बदलायची. चौकशी अहवालातल्या किती शिफारशी नियमांत उतरल्या, याचा पाठपुरावा कोणी तीन अधिवेशनांनंतरही करत असेल, तर त्याचं नाव लिहून ठेवण्याजोगं आहे.

प्रश्नाला मिळालेलं उत्तरही निष्फळ नसतं. मंत्र्याने सभागृहात ‘तपासून पाहतो’, ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं म्हटलं की संसदीय प्रथेप्रमाणे ते आश्वासन धरता येतं. त्यासाठी विधानसभेची आश्वासन समिती आहे. ती खात्याला बोलावू शकते, कागद मागवू शकते. तशीच नियम तपासणारी समिती आहे: कायद्याने दिलेल्या अधिकारापलीकडे जाऊन खात्याने नियम केले का, आणि वेळेत केले का, हे ती बघते. या समित्यांच्या बैठकांना कॅमेरे नसतात, म्हणून आमदार तिथे किती वेळा गेला हे पुस्तिकेत छापलं जात नाही. कपात सूचनांचं, म्हणजे खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणाऱ्या सूचनांचं, उलट. त्यांचा गठ्ठा दाखवला जातो, पण धोरण नापसंतीची सूचना मागणी एक रुपयावर आणा म्हणते आणि तक्रारीची सूचना शंभर रुपये कमी करा म्हणते. प्रत्यक्षात एक छदामही कापला जात नाही. खात्यावर बोलायला मिळालेली ती एक खुंटी, एवढंच.

एखाद्या आमदाराची पाच वर्षांची नोंद घरी बसून बनवायची असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज विधिमंडळ सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि मोघम ‘आमदाराच्या कामाची माहिती द्या’ असं लिहू नये, कारण ‘मोघम’ म्हणून तो परत येतो. असं लिहावं: ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमुक मतदारसंघाच्या सदस्यांनी दिलेल्या खासगी विधेयकांच्या सूचनांची यादी, प्रत्येकीची सद्यःस्थिती, आणि नाकारली असल्यास नाकारण्याच्या पत्राची प्रत. त्यांनी मांडलेल्या खासगी ठरावांची यादी व निकाल. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना दिलेली, आश्वासन समितीकडे नोंदलेली आणि अद्याप प्रलंबित असलेली आश्वासनं. ते सदस्य असलेल्या समित्यांच्या बैठकांच्या तारखा आणि त्यांची उपस्थिती.’ यातली काही माहिती खात्याकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे जनमाहिती अधिकाऱ्यानेच अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांच्या आत तिकडे पाठवायचा असतो. ‘तिकडे जा’ असं सांगून तो हात झटकू शकत नाही. प्रतींचे पैसे पानागणिक वेगळे पडतात, म्हणून आधी फक्त याद्या मागाव्यात, त्या वाचून खुणा कराव्यात, आणि हव्या त्याच पत्रांच्या प्रती दुसऱ्या अर्जाने मागवाव्यात.